लॉर्ड कॅरिंग्टन: पिढीजात पदवीने काय दिलं आणि काय अडवलं

तुमचा प्रश्न असा आहे: "ब्रिटनचे लॉर्ड कॅरिंग्टन कॉमन्सची, म्हणजे संसदेच्या लोकांनी निवडलेल्या सभागृहाची, एकही निवडणूक न लढवता संरक्षणमंत्री आणि परराष्ट्रमंत्री झाले. अधूनमधून बँका आणि बड्या कंपन्यांच्या संचालक मंडळांवर बसले, पुढे नाटोचे महासचिवही झाले. हे सगळं बापाकडून आलेल्या पदवीच्या जोरावरच ना? आणि असा माणूस आज होऊ शकेल का?"

राजकारणात शिरकाव पदवीमुळे झाला, हे खरं आहे. उद्योगातली बहुतेक पदं मात्र मंत्रिपदामुळे मिळाली, पदवीमुळे नव्हे. आणि याच पदवीने त्यांना पंतप्रधानपदापासून कायमचं दूर ठेवलं. १९८२मध्ये ऐन संकटात, जिथे उभं राहून उत्तर द्यायला हवं होतं त्या सभागृहात त्यांना पायही ठेवता आला नाही, तेही पदवीमुळेच. मी बरीच वर्षं पदव्युत्तर वर्गांना ब्रिटिश राज्यव्यवस्था शिकवली. पिढीजात उमराव म्हणजे काय हे समजावताना मी कायम याच माणसाचं उदाहरण घेत आलो, कारण फायदा आणि तोटा दोन्ही एकाच आयुष्यात इतक्या स्पष्टपणे क्वचितच दिसतात.

आधी घराण्याबद्दलचा एक गैरसमज. आपल्याकडे लॉर्ड म्हटलं की गव्हर्नर आठवतात. मुंबईचं स्टेडियम ज्यांच्या नावाने आहे ते ब्रेबर्न पिढीजात बॅरनच (बॅरन हा उमरावांचा एक दर्जा) होते. त्यामुळे उमराव म्हणजे शेकडो वर्षांची जहागीर असं चित्र मनात बसतं. पण कॅरिंग्टन घराणं पेढीवाल्यांचं. सतराव्या शतकात नॉटिंगहॅममध्ये थॉमस स्मिथ नावाच्या कापड व्यापाऱ्याने देवघेवीची पेढी सुरू केली. लंडनबाहेरच्या सर्वांत जुन्या पेढ्यांमध्ये तिची गणना होते. त्याच्या वंशातला रॉबर्ट स्मिथ हा तेव्हाचा पंतप्रधान धाकटा पिट याचा मित्र. पिटचं खासगी देणं इतकं फुगलं होतं की तो हिशेब निस्तरायचं काम स्मिथकडे आलं. १७९६मध्ये त्याला आयर्लंडच्या आणि पुढच्या वर्षी ग्रेट ब्रिटनच्या उमरावांत स्थान मिळालं. पेढीवाला उमरावसभेत, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहात (हाउस ऑफ लॉर्ड्स), बसणार, हे तेव्हाच्या जुन्या घराण्यांना रुचलं नव्हतं.

ती पेढी १९०२मध्ये युनियन बँक ऑफ लंडनमध्ये मिसळली, १९१८मध्ये नॅशनल प्रोव्हिन्शियलमध्ये गेली आणि अखेर आजच्या नॅटवेस्टचा भाग झाली. घराण्याचा वाडा, वायकम अॅबी, १८९६मध्येच विकला गेला आणि तिथे मुलींची शाळा सुरू झाली. म्हणजे पीटर कॅरिंग्टन ६ जून १९१९ला जन्मले तेव्हा घरची बँक घरची राहिली नव्हती आणि जुना वाडाही नव्हता. उरली होती ती पदवी, आणि तिच्याबरोबर येणारी उमरावसभेतली जागा.

वडील १९३८मध्ये गेले आणि एकोणिसाव्या वर्षी पीटर सहावे बॅरन झाले. एकविसावं लागताच, १९४०मध्ये, ते सभागृहात बसायला पात्र झाले. तेव्हा ते लष्कराच्या ग्रेनेडियर गार्ड्स पलटणीत होते. सप्टेंबर १९४४मध्ये नेदरलँड्समधला नायमेखनचा पूल ओलांडणाऱ्या पहिल्या रणगाड्यांत त्यांचा रणगाडा होता. त्यासाठी मिलिटरी क्रॉस हे शौर्यपदक मिळालं.

आता मुख्य मुद्दा. उमरावसभेत जागा असलेले पिढीजात उमराव शेकड्यांनी होते आणि त्यातले बरेचसे वर्षानुवर्षं तिकडे फिरकत नसत. सदस्यत्वाला पगार नव्हता. १९५७पासून हजेरीच्या दिवसाला तीन गिन्यांपर्यंत (गिनी म्हणजे पौंडाहून जरा जास्त) खर्च मिळू लागला, तोवर तेही नाही. नुसती जागा असण्याला त्यामुळे काही किंमत नव्हती. पण प्रत्येक विधेयक या सभागृहातून जायचं, प्रत्येक खात्याच्या वतीने इथे कुणीतरी उभं राहून उत्तर द्यायचं, आणि हयातीपुरते उमराव नेमण्याचा कायदा आला तो १९५८मध्ये. तोवर हुजूर (कॉन्झर्व्हेटिव्ह) पक्षाला तरुण, अभ्यास करून येणारी आणि नीट बोलणारी माणसं हवी असत, ती याच मर्यादित कुंडातून. युद्धानंतर कॅरिंग्टन बकिंगहॅमशायरमधल्या ब्लेडलो गावी शेती करू लागले, कौंटी कौन्सिलवर बसले आणि शेतीच्या प्रश्नांवर उमरावसभेत नियमित बोलू लागले. १९५१मध्ये चर्चिल परत आले तेव्हा शेतीखात्याला वरच्या सभागृहात उपमंत्री हवा होता. कॅरिंग्टन बत्तीस वर्षांचे होते. कॉमन्समध्ये त्याच वयाच्या हुशार माणसाला आधी मतदारसंघ शोधावा लागायचा, मग निवडून यावं लागायचं, मग पाठच्या बाकावर काही वर्षं काढावी लागायची. ही वाट कॅरिंग्टन यांना चालावी लागली नाही. हा अन्याय आहे आणि तो मान्य करूनच पुढे बोललं पाहिजे.

पहिली परीक्षा तीन वर्षांत आली. डॉर्सेटमधली क्रिचेल डाउन नावाची ७२५ एकर जमीन हवाई खात्याने १९३८मध्ये बॉम्बफेकीच्या सरावासाठी घेतली होती. गरज संपली की मूळ मालकांना ती परत घेण्याची संधी देऊ, असं आश्वासन होतं. जमीन शेतीखात्याकडे आली आणि अधिकाऱ्यांनी मालकांना डावलून ती भाड्याने द्यायचा घाट घातला. चौकशी बसली, ताशेरे आले आणि जुलै १९५४मध्ये मंत्री सर थॉमस डगडेल यांनी राजीनामा दिला. कॅरिंग्टन यांनीही देऊ केला होता, चर्चिल यांनी तो घेतला नाही. खात्याने केलेल्या चुकीला मंत्री जबाबदार, हा धडा त्यांनी तिथे जवळून पाहिला. १९८२मधलं त्यांचं वागणं समजायला हे प्रकरण लक्षात ठेवा.

१९५६मध्ये, सदतिसाव्या वर्षी, त्यांना ऑस्ट्रेलियात उच्चायुक्त म्हणून पाठवलं गेलं. ही नेमणूक वरवर बाजूला सारल्यासारखी वाटते, पण त्यांच्या उद्योगातल्या वाटचालीचं बीज तिथे आहे. आजोबांनी ऑस्ट्रेलियातल्या एका मेंढपाळ जमीनदाराच्या मुलीशी लग्न केलं होतं, वडिलांचा जन्मही तिथलाच. आजोबांच्या भावाने ऑस्ट्रेलियातल्याच न्यू साउथ वेल्सचं गव्हर्नरपद भूषवलेलं. १९५९मध्ये परत आल्यावर ते आरमार खात्याचे प्रमुख झाले. १९६२मध्ये त्याच खात्यातला कारकून व्हॅसल सोव्हिएत हेर निघाला, वर्तमानपत्रांनी कॅरिंग्टन यांना धारेवर धरलं, चौकशी न्यायाधिकरणाने त्यांना दोषमुक्त केलं.

मग आलं १९६३. माझ्या मते त्यांच्या आयुष्यातला सर्वांत निर्णायक क्षण हाच, आणि त्यात घडलं काहीच नाही. मजूर पक्षाचे टोनी बेन यांना वडिलांच्या मृत्यूने लॉर्ड व्हावं लागलं होतं आणि निवडून येऊनही कॉमन्समध्ये बसता येत नव्हतं. त्यांच्या झुंजीतून पदवी सोडण्याचा कायदा झाला. आधीच उमराव असलेल्यांना बारा महिन्यांची मुदत होती. त्याच शरदात पंतप्रधान मॅकमिलन यांनी राजीनामा दिला. लॉर्ड होम पंतप्रधान झाले आणि लगेच पदवी सोडून पोटनिवडणुकीतून कॉमन्समध्ये गेले. लॉर्ड हेलशॅम यांनीही पदवी सोडली. कॅरिंग्टन तेव्हा चव्वेचाळीस वर्षांचे होते, पुढे वीस वर्षांचं राजकारण शिल्लक होतं. त्यांनी पदवी सोडली नाही. १९६४च्या उन्हाळ्यात मुदत संपली आणि हा दरवाजा बंद झाला. विसाव्या शतकात लॉर्ड सॅलिसबरी (१९०२पर्यंत पंतप्रधान) यांच्यानंतर कुणीही उमरावसभेत बसून सरकार चालवलं नव्हतं आणि यापुढे कुणी चालवणार नव्हतं. म्हणजे सर्वोच्च पदाची स्पर्धा त्यांच्यापुरती तिथेच संपली. माझ्या विद्यार्थ्यांपैकी काहींना यात मोठेपणा दिसायचा, काहींना आळस. मला त्यात स्वतःची नेमकी जाण दिसते. प्रचारसभा, मतदारसंघातली शनिवारची गाऱ्हाणी, कॉमन्सचा गोंगाट यातलं काही त्यांना नको होतं. आणि ज्याला पंतप्रधान व्हायचंच नाही असा अनुभवी माणूस प्रत्येक पंतप्रधानाला हवा असतो. पुढचे हुजूर पंतप्रधान हीथ आणि थॅचर दोघांनीही त्यांच्यावर इतका विश्वास टाकला, त्याचं एक मोठं कारण हे.

१९६४ ते ७० पक्ष विरोधात होता आणि कॅरिंग्टन उमरावसभेतले विरोधी पक्षनेते होते. तिथे हुजूरांचं पिढीजात बहुमत होतं. म्हणजे मजूर सरकारचं प्रत्येक काम अडवणं शक्य होतं, आणि नेमकं तेच न करणं हे नेत्याचं काम होतं. जून १९६८मध्ये ऱ्होडेशियावरच्या (गोऱ्या अल्पसंख्याकांची राजवट असलेलं, आजचं झिंबाब्वे) निर्बंधांचा आदेश सभागृहाने १९३ विरुद्ध १८४ मतांनी फेटाळला. पुढच्या महिन्यात तोच आदेश पुन्हा आला तेव्हा तो मंजूर होऊ दिला गेला. ताकद दाखवायची पण वापरायची नाही, हा खेळ फार काळ चालणारा नव्हता, हे त्यांना कळत होतं. सभागृह सुधारायला त्यांचा विरोध नव्हता. १९६९मधला सुधारणेचा प्रयत्न फसला तो कॉमन्समध्ये, डावे मायकेल फुट आणि उजवे इनॉक पॉवेल अशा दोन टोकांच्या माणसांनी मिळून अडवल्यामुळे.

आता कंपन्यांकडे येऊ, कारण तुमच्या प्रश्नाचा कळीचा भाग तोच आहे.

मंत्री झालात की संचालकपदं सोडायची, हा ब्रिटनमधला जुना रिवाज. सरकार पडलं की कॉमन्समधल्या माजी मंत्र्याला मतदारसंघ आणि खासदाराचा पगार असतो. उमरावसभेतल्याला पगार नाही, पण मतदारसंघाची कामंही नाहीत, म्हणजे वेळ भरपूर. त्यामुळे कॅरिंग्टन यांच्या आयुष्यात सत्ता आणि उद्योग यांची पाळी लागलेली दिसते. विरोधात असताना बँक, सत्तेत आल्यावर खातं, सत्ता गेली की पुन्हा कंपनी. साठच्या दशकात ते ऑस्ट्रेलिया अँड न्यूझीलंड बँकेचे अध्यक्ष होते. ती बँक तेव्हा लंडनमधून चालायची आणि तिला ऑस्ट्रेलियातल्या राज्यकर्त्यांना ओळखणारा माणूस हवा होता. वेगवेगळ्या काळात ते बार्कलेज बँक, कॅडबरी श्वेप्स आणि टेलिग्राफ यांच्या संचालक मंडळांवर होते.

पण सर्वांत बोलकं उदाहरण जीईसीचं. आपल्याकडे कित्येक घरांत जीईसीचे पंखे फिरत असत. त्याच मूळ ब्रिटिश कंपनीचे ते १९८३मध्ये अध्यक्ष झाले. कंपनी प्रत्यक्षात चालवत होते व्यवस्थापकीय संचालक अरनॉल्ड वाइनस्टॉक. ताळेबंदावर करडी नजर ठेवणारा आणि रोख रक्कम साठवून ठेवणारा माणूस अशी त्यांची ख्याती. अध्यक्षाचं काम मंडळाच्या बैठका चालवणं, भागधारकांसमोर उभं राहणं आणि सरकारदरबारी कंपनीचं वजन राखणं. हे तिसरं काम महत्त्वाचं, कारण जीईसीकडे मार्कोनी ही इलेक्ट्रॉनिक्सची कंपनी होती आणि मार्कोनीचं मोठं गिऱ्हाईक होतं संरक्षण खातं. १९७० ते ७४ त्या खात्याचे मंत्री होते कॅरिंग्टन! माजी मंत्र्यांच्या नेमणुकांची छाननी करणारी व्यवस्था ब्रिटनमध्ये १९९५पर्यंत नव्हती. अधिकाऱ्यांसाठी ती होती, मंत्र्यांसाठी नाही. त्यांनी काही गैर केलं असं माझं म्हणणं नाही, पण आज अशी नेमणूक छाननीशिवाय झाली नसती, आणि होऊही नये.

वर्षभरात ते नाटोला गेले आणि त्यांच्या जागी जीईसीचे अध्यक्ष झाले जिम प्रायर. प्रायर तेव्हा लॉर्ड नव्हते, कॉमन्सचे सदस्य होते आणि नुकतेच मंत्रिपदावरून उतरले होते. या एका गोष्टीत तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. कंपनीला पदवीधारी नको होता, मंत्रिमंडळाच्या टेबलावर बसून आलेला माणूस हवा होता.

पदवी खरोखर उपयोगी पडली ती क्रिस्टीज या लिलावगृहात. तिथे ते १९८८ ते ९३ अध्यक्ष होते. लिलावगृहाला गिऱ्हाइकापेक्षा माल मिळवणं अवघड असतं, आणि ब्रिटनमध्ये उत्तम चित्रं जुन्या घराण्यांच्या भिंतींवर. वारसा कर भरायची वेळ आली की चित्र कुणाकडे सोपवायचं, हा निर्णय ते घराणं ओळखीने, विश्वासाने घेतं. तिथे आपल्यातला माणूस अध्यक्ष असणं मोलाचं. त्यांच्याच काळात, मे १९९०मध्ये, क्रिस्टीजच्या न्यूयॉर्कच्या लिलावात व्हॅन गॉगचं डॉक्टर गाशेचं व्यक्तिचित्र ८ कोटी २५ लाख डॉलरला गेलं. तोवर इतकी किंमत कुठल्याच चित्राला लिलावात आली नव्हती.

हीथ यांच्या काळातला संरक्षणमंत्री म्हणून एक डाग आहे आणि तो झाकता येणार नाही. ऑगस्ट १९७१मध्ये उत्तर आयर्लंडमध्ये खटला न चालवता स्थानबद्ध करणं सुरू झालं. काही कैद्यांच्या डोक्यावर टोपडी चढवून, त्यांना भिंतीला टेकवून उभं ठेवून, झोप, अन्न आणि पाणी तोडून चौकशी केली गेली. १९७७मध्ये गृहमंत्री मर्लिन रीस यांनी पंतप्रधान कॅलहन यांना लिहिलेल्या पत्रात, या पद्धती वापरण्याचा निर्णय मंत्र्यांनी, विशेषतः कॅरिंग्टन यांनी, घेतल्याचं स्पष्ट म्हटलं आहे. हे पत्र खूप नंतर उजेडात आलं. एखाद्या मतदारसंघाला याचा जाब विचारता आला असता का, ठाऊक नाही. पण त्यांच्याबाबतीत विचारणारा मतदारसंघच नव्हता.

मे १९७९मध्ये थॅचर यांनी त्यांना परराष्ट्रमंत्री केलं. सप्टेंबर ते डिसेंबर लंडनच्या लँकेस्टर हाउसमध्ये ऱ्होडेशियावर जी परिषद झाली, ती त्यांची सर्वांत मोठी कामगिरी. युक्ती क्रमात होती. आधी राज्यघटना, ती ठरल्यावरच संक्रमणकाळ, आणि शस्त्रसंधी सर्वांत शेवटी. आधीचा टप्पा मान्य केल्याशिवाय पुढचा उघडायचाच नाही. कुणी उठून गेला तर उरलेल्यांशी करार करू, हा धाक सतत ठेवलेला. २१ डिसेंबरला करार झाला, निवडणुका झाल्या, १८ एप्रिल १९८०ला झिंबाब्वे स्वतंत्र झाला. हुजूर पक्षातल्या उजव्या गटाने त्यांना गद्दार ठरवलं. ते सोसणं त्यांना सोपं गेलं, कारण त्या गटाच्या मतांवर त्यांची जागा अवलंबून नव्हती. पिढीजात जागेचा देशाला झालेला फायदा कुठला, असं कुणी विचारलं तर मी हेच उदाहरण देईन.

आणि दोनच वर्षांत तीच जागा आड आली. २ एप्रिल १९८२ला अर्जेंटिनाने दक्षिण अटलांटिकमधली ब्रिटनच्या ताब्यातली फॉकलंड बेटं घेतली. हल्ल्याच्या दोन-तीन दिवस आधी कॅरिंग्टन इस्रायलच्या दौऱ्यावर होते. शनिवारी, ३ एप्रिलला, कॉमन्सची तातडीची बैठक भरली. सदस्य खवळलेले होते आणि राग होता परराष्ट्र खात्यावर. पण परराष्ट्रमंत्री त्या सभागृहात येऊच शकत नव्हते. ते त्याच वेळी उमरावसभेत बोलत होते, जिथे कुणी खवळलेलं नव्हतं. कॉमन्समध्ये मार बसला संरक्षणमंत्री जॉन नॉट यांना. त्यानंतर कॅरिंग्टन हुजूर खासदारांच्या बैठकीला गेले आणि तिथे त्यांच्यावर तुटून पडले लोक. सोमवारी, ५ एप्रिलला, त्यांनी राजीनामा दिला. त्यांच्याबरोबर खात्याचे दुय्यम मंत्री हम्फ्री अॅटकिन्स आणि रिचर्ड ल्यूस यांनीही.

त्या भागातली एन्ड्युरन्स ही गस्तनौका काढून घेऊ नका, असं त्यांनी संरक्षण खात्याला वारंवार कळवलं होतं. १९८३मध्ये आलेल्या, या प्रकरणाची चौकशी करणाऱ्या फ्रँक्स समितीच्या अहवालाने सरकारला हल्ल्याबद्दल दोषी धरलं नाही. म्हणजे कागदोपत्री बाजू मांडता आली असती. मग का गेले? ते राहिले असते तर युद्धकाळात रोज कॉमन्समध्ये त्यांच्या नावाने गदारोळ झाला असता आणि त्याला उत्तर द्यायला ते तिथे नसते. जबाबदारी खात्याची, म्हणून मंत्र्याची, हे क्रिचेल डाउनमध्ये पाहिलेलं होतंच. जाण्याने सरकारला श्वास घ्यायला जागा मिळाली.

नाटोचे महासचिव म्हणून ते १९८४ ते ८८ होते. १९८७मध्ये ग्रीस आणि तुर्कस्तान एजियन समुद्रात युद्धाच्या उंबरठ्यावर आले तेव्हा दोन्हीकडे बोलत राहणं, आणि त्याच वर्षीच्या अमेरिका-सोव्हिएत क्षेपणास्त्र कराराच्या आधी युरोपीय सदस्यांची भीती शमवणं, हे काम. १९९१मध्ये युगोस्लाव्हियासाठी युरोपीय समुदायाने त्यांना मध्यस्थ नेमलं. क्रोएशियाला घाईने मान्यता दिली तर बोस्निया पेटेल, असं त्यांनी डिसेंबरमध्ये लेखी बजावलं होतं. मान्यता दिली गेली आणि वसंतात बोस्निया पेटला. ऑगस्ट १९९२मध्ये ते बाजूला झाले.

१९९९च्या कायद्याने ९२ वगळता सगळ्या पिढीजात उमरावांची जागा गेली. कॅरिंग्टन यांना त्याच नोव्हेंबरमध्ये हयातीपुरती पदवी देऊन सभागृहात ठेवलं गेलं. एकूण सत्तर वर्षांहून अधिक काळ त्यांचा त्या सभागृहावर हक्क होता. ९ जुलै २०१८ला, नव्व्याण्णवाव्या वर्षी, ते गेले. त्याच वर्षी मुलगा रूपर्ट, जो पेशाने बँकर, स्वतंत्र गटातल्या मोजक्या पिढीजात उमरावांच्या मतांनी पोटनिवडणुकीतून सभागृहात आला. उरलेल्या पिढीजात जागाही काढून टाकण्याचं विधेयक मजूर सरकारने सप्टेंबर २०२४मध्ये मांडलं.

असा माणूस आज होऊ शकेल का, हेही तुम्ही विचारलं आहे. पिढीजात जागेवरून नाही. पण उमरावसभेतून परराष्ट्रमंत्री होणं संपलेलं नाही. नोव्हेंबर २०२३मध्ये ऋषी सुनक यांनी डेव्हिड कॅमेरॉन यांना हयातीपुरते लॉर्ड करून हे पद दिलं. कॅरिंग्टन यांच्यानंतर उमरावसभेत बसणारे ते पहिले परराष्ट्रमंत्री. १९८२ची अडचण तशीच समोर आली. कॉमन्समध्ये त्यांच्या वतीने त्यांच्या खात्याचे दुय्यम मंत्री अँड्र्यू मिचेल उत्तरं देत. कॅमेरॉन यांना सभागृहाच्या दाराशी असलेल्या अडसरापाशी उभं करून खासदारांनी प्रश्न विचारावेत, अशी शिफारस कॉमन्सच्या समितीने केली. ती अमलात येण्याआधीच जुलै २०२४च्या निवडणुकीत सरकार गेलं.